कुसुमचा दुसरा शब्द

३ नोव्हेंबर, सोमवार

संदीपनं तिकिटं काढली. २३ तारीख, रविवार. इथून हैदराबाद, तिथं तीन तास बसायचं, मग चेन्नई. कायमचं. आईला विचारूनच काढली म्हणे. काल व्हिडिओ कॉलवर विचारलं त्यानं, "आई, आता आमच्याकडंच राहायला येशील ना?" कुसुम म्हणाली, "व्हय." पोरगं आनंदानं रडायला लागलं.

अरे बाबा, जुलैत अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिच्या तोंडात हा एवढाच शब्द उरलाय! फोन ठेवल्यावर मी तिला विचारलं, तू कोर्टात जज होतीस का? "व्हय." तुझं नाव संदीप का? "व्हय." बाहेर पाऊस पडतोय का? लख्ख ऊन होतं. "व्हय."

सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. हिच्या आवाजानं मुकुंदवाडीतली अर्धी गल्ली जागी व्हायची. आता सगळ्या जगाला व्हय म्हणत बसलीय, आणि जग खुश.

तिला जायचं नाय. चाळीस वर्षांचा संसार आहे, मला कळतं.

५ नोव्हें., बुध.

सं.शी फोनवर कडाक्याचं भांडण. मी म्हणलं, मराठीचा एक शब्द कानावर पडायचा नाय तिथं, आई बोलायला शिकणार कशी? तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही अडुसष्ट वर्षांचे. ती न्हाणीत पडली तेव्हा तुमच्यानं उचलवली नाय. गल्लीला हाका मारत बसलात." खरं आहे. पण खरं असलं म्हणून बापाला फोनवर सुनवायचं?

म्हणलं, तिला दुसरा शब्द येत नाय, म्हणून ती व्हय म्हणाली. ही काय संमती झाली?

"मग शिकवा की दुसरा!" चिडलाच. मग थोड्या वेळानं मऊ आवाजात, "ऐका. हैदराबादेत चेन्नईच्या विमानात बसायच्या आत आईनं स्वतःच्या तोंडानं नाय म्हणलं, तर मी तुम्हाला तिथूनच परत आणून सोडतो. शब्द देतो."

ठरलं. अठरा दिवस, एक शब्द. चौतीस वर्षं कोर्टात बेंच क्लार्क होतो. भल्याभल्यांचे जबाब लिहून घेतलेत. घरच्या माणसाच्या तोंडून दोन अक्षरं निघायची नायत का? बघतोच.

७ नोव्हें., शुक्र.

वेळापत्रक भिंतीवर लावलं. सकाळी ७ ते ८, दुपारी ४ ते ५. आरशासमोर बसवतो. ना... य. ना... य. ती माझ्या तोंडाकडं बघते, ओठ हलवते, कपाळावर घाम येतो, आणि शेवटी "व्हय". आज चाळीस वेळा. पालथ्या घड्यावर पाणी.

आकडे मात्र माझ्याबरोबर दहापर्यंत म्हणते, अंगणवाडीच्या चालीत. मी थांबलो की तीनवर गाडी बंद. मॅडम (स्पीचवाल्या, आठवड्यातून दोनदा येतात) म्हणतात, ते पाठ असतं काका, ते वेगळं. हे बोलणं नाही.

असू दे. पाठ तर पाठ.

९ नोव्हें., रवि.

आज मी नीचपणा केला. लिहून ठेवतो.

कु.च्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. म्हणलं, एवढ्यानं तरी नाय म्हणेल. पहिला घोट घेतला. माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, पाहिजे का अजून? "व्हय," म्हणाली, आणि डाव्या हातानं कप उचलून सगळा चहा माझ्या पेपरवर ओतला. शब्दकोडं अर्धंच झालं होतं.

मग हसायला लागली. झटक्यानंतर पहिल्यांदा असं पोटभरून. तोंड एका बाजूला जातं हसताना, पण हसणं तेच. मलाही हसू फुटलं. दोघंच वेड्यासारखे हसत बसलो.

हा नकार नाय तर काय? पण सं.ला शब्द पाहिजे. तो म्हणेल, हात हलतो तिचा अण्णा, चहा सांडला असेल.

१२ नोव्हें., बुध.

मॅडमशी वाजलं. मी कु.ला विचारत होतो, चेन्नईला गर्दी असते ना? घाम येतो ना तिथं? मग जायचं का तिथं? मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, तुम्ही त्यांना नाही म्हणायला शिकवताय, की तुमचं उत्तर पाठ करून घेताय?"

मला सांगते! साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालणारा प्रश्न विचारला की जजसाहेब वकिलाला कसे झापायचे, ते मी रोज बघितलंय. तिच्या जन्माआधीपासून.

दिवसभर डोकं ठिकाणावर नव्हतं.

१५ नोव्हें., शनि.

सं.नं नातीचा फोटो पाठवला. शाळेच्या कपड्यात, पुढचे दोन दात पडलेले. कु.नं फोन हातातून सोडलाच नाय. स्क्रीन काळी झाली की मला कोपरानं ढोसायची, परत लावा. पाच-सहा वेळा. शेवटी मी म्हणलं, अगं बास, चार वाजले, आपली नायची वेळ झाली. तर मान फिरवून बसली.

वेळ बुडाली आज. उद्या दोन तास जास्त.

१८ नोव्हें., मंगळ.

पाच दिवस राहिले. आज "ना" आला! स्पष्ट. नंतरचा "य" येईना. ना, ना, ना. खनपटीलाच बसलो तिच्या. ती दमून गेली, डोळ्यांत पाणी आलं, तरी सोडलं नाय मी. शेवटी उशी फेकून मारली मला. नेम चुकला.

रात्रीसाठी भात टाकता टाकता विचार आला. चेन्नईची भीती खरी वाटते ती कोणाला? तिथं मी कोण? इथं कोपऱ्यावरच्या टपरीवर अजून लोक क्लार्कसाहेब म्हणतात, वारसाचा अर्ज कसा लिहायचा ते विचारायला येतात. तिथं लिफ्टमधून खाली आणि वर.

पण त्यानं काय फरक पडतो? मला जायचं नाय आणि तिलाही जायचं नाय. दोन्ही खरं असू शकतं.

२१ नोव्हें., शुक्र.

सं. सकाळी आला. आईच्या पायाशी बसून राहिला, तिचं वाकडं बोट सरळ करत. चांगला आहे पोरगा. मीच वाढवलाय, मला माहीत आहे.

जेवताना विचारलं त्यानं, "मग? शिकलं का आईनं?" मी म्हणलं, अजून दोन दिवस आहेत. तो माझ्या ताटात भात वाढत राहिला. ते हसण्यापेक्षा वाईट.

सामान बांधलं. दोनच बॅगा घेतल्या मी. सं. म्हणाला, एवढंच? म्हणलं, परत यायचंय मला.

२३ नोव्हें., रवि. सकाळी

चिकलठाण्याचं विमानतळ घरापासून हाकेच्या अंतरावर. जन्मभर डोक्यावरून विमानं गेली, आत आज पहिल्यांदा पाय ठेवला. कु. चाकाच्या खुर्चीत. तपासणीवाल्या बाईनं विचारलं, बॅगेत कात्री, चाकू, असलं काही आहे का? "व्हय," म्हणाली कु. झालं! सगळी बॅग उपसली. सं.नं कपाळाला हात लावला. मी म्हणलं, बघ. हिच्या व्हयवर तू घर हलवायला निघालास.

दुपारी १२.१०, हैदराबाद

लाउंजमध्ये बसलोय. सं.च्या कार्डावर तिघांना आत सोडलं. गालिचा, सोफे, झाकणाच्या भांड्यांत इडली, उपमा, बिर्याणी, शिरा. हवं तेवढं घ्या. लोक ताट घेऊन हळू आवाजात फिरतायत, तेराव्याला आल्यासारखे.

वाढणारी बाई पन्नाशीची, डोक्याला जाळी. तिची बोली कानाला ओळखीची, आपल्याकडं शहागंजात ऐकू येते तशीच. "अम्मा, इडली होना?" "व्हय." "चटनी?" "व्हय." कु.चं ताट शिगोशीग भरलं. बाई कौतुकानं म्हणाली, "अम्मा किसी को ना नहीं बोलते."

तेच तर दुखणं आहे, बाई.

चेन्नईचं विमान २.२० ला. दीड तासात बोलवतील.

१२.५५

चारदा घेतलं. ना... य. ती काचेतून विमानं बघतेय, माझ्या तोंडाकडं बघायला तयार नाय. सं. म्हणाला, "अण्णा, खाऊ द्या तिला शांतपणे." मी म्हणलं, तू गप बस, माझी वेळ अजून संपलेली नाय.

मी हरत नाय. शेवटच्या मिनिटापर्यंत विचारणार.

१.५०

लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाय.

ती बाई किटली घेऊन परत आली. वाकून म्हणाली, "अम्मा, चाय होना? की नक्को?" कु. तिच्याकडं बघत राहिली. डावा हात उचलून कपावर आडवा ठेवला. आणि म्हणाली, "नको."

ठणठणीत. अंगणवाडीतला आवाज.

अठरा दिवस मी नाय, नाय घोकून घेत होतो. आपल्या घरात जन्मात चहाला नाय म्हणलंय का कुणी? नकोच म्हणतात! एवढी साधी गोष्ट, आणि मी आरसे लावत बसलो.

सं. रडायला लागला. मीही. बाई घाबरली, "क्या हुआ साब?" काही नाही म्हणलं, तुमचे उपकार झाले.

मग मी उठलो. म्हणलं, संदीप, शब्द दिलायस. ऐकलंस ना? आईला जायचं नाय. परतीची तिकिटं बघ.

"अण्णा, ती चहाला म्हणाली."

"कशाला का म्हणेना! तिच्या मनातलं मला..."

कु.नं माझी बाही धरली. गच्च. "नको."

मी म्हणलं, अगं हो, तेच सांगतोय त्याला, तुला नको आहे तिकडं...

"नको! नको!" माझ्याकडं बघून. डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता. पलीकडच्या सोफ्यावरचे लोक वळून बघायला लागले.

सं.चा चेहरा उजळला. पुढं होऊन म्हणाला, "म्हणजे आई, तू येतेयस ना आमच्याकडं?"

त्याच्याकडं वळली. "नको."

"मग परत घरी जायचं?"

"नको."

सं. हळूच म्हणाला, "अण्णा, आता हाच एक शब्द अडकला असेल का?" असेलही. मला माहीत नाय. पण मग माझ्याकडून आपोआप विचारलं गेलं, संदीप, ही चिडलीय असं वाटतं ना तुला? तो म्हणाला, "आपल्या दोघांवर."

व्हय म्हण, नाय म्हण. हे म्हण, ते म्हण. माझी लाज वाटली मला. एवढ्या वर्षांत हिला मी जे काही विचारलं, त्याचं उत्तर आधी ठरवूनच विचारलं. आणि तीही द्यायची ते, बिचारी, तोंड चालत होतं तेव्हासुद्धा.

तिच्यासमोर खुर्ची ओढली. म्हणलं, कुसुम, चुकलं माझं. तुला काय पाहिजे?

बाही सोडली तिनं. डोळे मिटले. ओठ हलतायत. "अ... अ..." आला, पुढचं अडलं. "अजून" सारखं काहीतरी म्हणू बघतेय, का "आधी", का नातीचं नाव. सं. सांगायला गेला, "आई, असं म्हणायचंय का..." मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

खुर्ची ढकलणारा माणूस आलाय. "सर, बोर्डिंग." सं. त्याला "रुकिए" म्हणाला आणि आईच्या पायाशी गालिच्यावर बसला.

ती परत पहिल्यापासून सुरू करतेय. आम्ही दोघं गप्प आहोत. मधे एक अक्षर घालणार नाय. विमान गेलं तर जाऊ दे.