वालाच्या शेतातला रात्रवर्ग

४ जानेवारी, रविवार
संकल्प : यंदा आपलं पोशीर गाव सुशिक्षित करायचं. रसायनीच्या कंपनीतून लवकर निवृत्त झालो ते काय टीव्ही बघायला? माझं कृषी प्रशिक्षण तीनच दिवसांचं, पण मन लावून केलेलं.
आज शाळेच्या खोलीत पहिली शेतीशाळा. विषय : वालावरची कीड. उपस्थिती : धाकलूकाका. शेजारची गिरणी उघडेपर्यंत बसलो, म्हणाले. केवढा हा विनय! मला ‘मास्तर’ म्हणतात. मी हरकत घेतली नाही.
मुख्याध्यापिका हर्षला मॅडमनी बजावलं : अठरा तारखेला दहा माणसं दिसली नाहीत, तर खोली लेझीमच्या सरावाला.

५ जानेवारी
सातवीच्या मुलांना तेच व्याख्यान. प्रियाने शंका विचारली, हे परीक्षेला आहे का? नाही म्हटल्यावर अख्खा वर्ग खिडकीबाहेर बघू लागला. निसर्गाची ओढ.

७ जानेवारी
आयडिया! शेतकऱ्याला वेळ नाही, तर शाळाच शेतावर जाईल. कर्जतहून भाजीवाल्यांकडे असतो तसला चार्जिंगचा भोंगा आणला. व्याख्यान रेकॉर्ड केलं. नम्रताला ऐक म्हटलं. लग्नापासून ऐकतेच आहे, म्हणाली. भोंगा धाकलूकाकांना दिला, सवडीने ऐका म्हणून.

१० जानेवारी, सकाळी
काका रात्रभर लावून ठेवतात! सत्तरीत ही ज्ञानाची भूक. ‘लई गुण आला,’ म्हणाले.

१३ जानेवारी
मागणी वाढली. शेजारच्या शेतकऱ्यांनीही भोंगे आणले, रेकॉर्डिंग भरून नेलं. सूचना एकच : मधे मधे जरा खेकसा. शैलीबद्दल इतका बारकाईने विचार करणारे श्रोते शहरात मिळणार नाहीत. खेकसून पुन्हा रेकॉर्ड केलं. घसा बसला. नम्रता खूश दिसते. कारण कळलं नाही.

१८ जानेवारी, रविवार
उपस्थिती : निरंक. मॅडमना समजावलं की गावभर माझा रात्रवर्ग चालू आहे. त्यांनी गिरणीपाशी उभ्या काकांनाच विचारलं. काका म्हणाले, ‘यांचा आवाज लावला का रानडुक्कर बांधाच्या आत नाय येत. कुत्र्यापरास बरा.’
खोली लेझीमला गेली.
जाता जाता काकांनी शब्द दिला, वाल वाचला तर पहिली पोपटी तुमची. भाजलेल्या शेंगांचं मडकं स्वतःहून कबूल केलं. वालावर त्यांची वर्षाची डाळ आणि लेकीकडचा वाटा अवलंबून. म्हणजे त्यांचं घर माझ्या आवाजावर चालतं. लेझीमवर कोणाचं चालतं?

२२ जानेवारी
नवा संकल्प : पोशीर लहान पडतंय. खालापूर तालुकाही घेतो. व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर : ‘पीक संरक्षण तज्ज्ञ (ध्वनी)’. नम्रताने कंसापुरतं मान्य केलं.

२७ जानेवारी
काका भोंगा परत घेऊन आले. वाल गेला. वेल उपटलेले, शेंगा चघळून टाकलेल्या. पोपटीपुरत्याही उरल्या नाहीत. लेकीला काय सांगू, एवढंच दोनदा म्हणाले. मग चहा प्यायले. रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं.
‘मास्तर, डुकरं पयल्यांदा पळाली. मग लांब उभी रायची. काल भोंग्याच्या बाजूला बसूनच खात व्हती.’
तेव्हा व्याख्यानाचा कुठला भाग चालू होता, विचारलं. उगाच. काकांनी आठवून सांगितलं, शेवटचा.
भोंगा माळ्यावर टाकला. कार्डं रद्द.
शेवटपर्यंत आजवर कोणीच बसलं नव्हतं.