बॅटरी बंद करा, आप्पा

आप्पा, तिथं तारे होते. तुम्ही अंगणात चुलत्यांसमोर, चहाची बशी तोंडाला लावता लावता म्हणालात, "पोरीला नसल्यालं दिसाया लागलंय," आणि सगळे हसले. ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. शर्मिष्ठा नक्षत्राच्या टोकाशी, नुसत्या डोळ्यांना जिथं काहीच नाही असं वाटतं, तिथं ताऱ्यांचा एक अंधुक पुंजका आहे. भाकरी थापताना परातीबाहेर पीठ उडतं ना, तसा. मी तो पाहिला, दुर्बिणीसाठी स्वतःच्या हातानं वर्षभर घासलेल्या आरशातून. माझ्या उंचीच्या त्या दुर्बिणीला गाव तोफ म्हणायचं. "आज कुणावर डागायची गं?" म्हणून जाता-येता विचारायचं. खुशाल विचारा! मला फक्त तुमच्या तोंडून एकदा "दिसलं" ऐकायचं होतं.

डिसेंबरातली संध्याकाळ. लोडशेडिंगनं सगळं शिवार काळंकुट्ट झालंय, लोक बोर्डाला शिव्या घालतायत आणि मी खुशीत आहे. घरामागं, उसाला पाठ करून मी दुर्बिणीला डोळा लावलाय, आणि माझ्यामागं तुम्ही, बॅटरीचा झोत उसाच्या कडेनं फिरवत.

"आप्पा, बॅटरी बंद करा ना. डोळ्याला अंधाराची सवय व्हावी लागते."

"बिबट्या काय तुला इचारून येनार हाय व्हय? तू बघ तुजं."

शेवटी बळंच तुम्हाला ओढून आणलं. तुम्ही वाकलात, पण बॅटरी चालूच, आणि दुसरा डोळा उसाकडं. लगेच सरळ झालात. "काय न्हाई तितं. नुस्ता काळोख."

अहो, असं कुणाला दिसेल? मी तेव्हा भांडले, आज असतात तर आजही भांडले असते. अंधुक गोष्टीला जरा वेळ द्यावा लागतो, आणि तो तुम्ही दिला नाहीत. पुंजका अजून तिथंच आहे. चूक तुमची होती.

हे पत्र कुठं धाडायचं नाहीच, म्हणून एवढं सांगते. तुम्ही गेलात त्याच वर्षी मी दुर्बीण गच्चीवर चढवून घेतली. वरून आभाळ मोठं दिसतं, असं सगळ्यांना सांगते. खोटं आहे ते. खाली उसाला पाठ करून उभं राहायची माझी हिंमत होत नाही.