ओळख पटली नाही

सोमवार
नोकरी लागली! या वयात दुकानाच्या गल्ल्यावर बसणे म्हणजे पुन्हा शाळेच्या पहिल्या बाकावर बसणे. कार्ड घासले की मशीन टुणकन वाजते, अगदी ठेक्यात. मीही त्या तालावर दुसरीतल्या कविता गुणगुणतो. सुनेने सदऱ्याला इस्त्री करून दिली. म्हणाली, बाबा, नवरदेवच दिसताय!

मंगळवार
शेजारच्या गल्ल्यावरची मुलगी हळूच सांगत होती. माझ्या जागी आधी एक ताई बसत. गिऱ्हाइकांची खाती रिकामी होऊ लागली, आळ ताईंवर आला. भर दुकानात त्यांची पर्स उलटी केली. त्यांनी नदी जवळ केली.

गुरुवार
कार्डाची मशीन बसवणारा मशीनवाला 'सफाई'ला आला. सकाळी घासलेली कार्डे त्याच्या लॅपटॉपवर ओळीने उतरताना मी पाहिली, नावानिशी! मॅनेजरने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, आजोबा, मशीनच्या पोटात आमचा पाहुणा बसवलाय, तो कार्डांच्या नकला काढतो. बोंब मारलीत तर चोर गल्ल्यावरचाच ठरतो, ताई ठरली तसा. मी मान डोलावली.

शनिवार
भर दुपारी मशीन आपोआप सुरू झाले. कागद येतच राहिला. एकच ओळ: मी चोर नव्हते, सांगा. सांगेन, म्हटले. पण आज नको.

सोमवार
मशीनवाल्याचे स्वतःचे कार्ड चालेना. 'ओळख पटली नाही.' त्याचा फोन त्याच्या बोटाला उघडेना. मॅनेजरने विचारले, कोण रे तू? थट्टा वाटली. मग त्याची आई खरेदीला आली, त्याने हाक मारली, तर पदर सावरून लांबून गेली.

मंगळवार
रोज सलाम ठोकणाऱ्या रखवालदाराने आज मॅनेजरला गचांडी धरून बाहेर काढले. खोटे कशाला लिहू, माझे काळीज निवले. घ्या ताई, उट्टे काढा!
मशीन वाजले. कागदावर— तुम्हीही पाहिले होते.

बुधवार
सगळे सांगायला धावलो. शेजारची मुलगी म्हणाली, त्या गल्ल्यावर तर कोणीच बसत नाही. चौकीत नाव सांगितले— असा माणूसच नाही म्हणे—
ताई, मग आता तुमच्यासाठी साक्ष कोण—

घर. किल्ली लागेना. सुनेने साखळी न काढताच— मग दया आली, पायरीवर बसवले, पाणी दिले. म्हणते, सावकाश प्या, आजोबा, घरी तुमची कोणी वाट—