न सुटलेली सुरगाठ

शनवार, ११ मे २००२, दिवस मावळताना

कमरंवर दोराचा वळ अजून तसाच हाय. टीव्हीवर एक गोरा पतंगाला लटकून समुद्रावर पळत व्हता, म्हणून मी आन् संत्यानं आमच्या आबांच्या ताडपत्रीचा पतंग केला. आज मी घोड नदीत ट्यूबवर बसलो आन् पतंगाचा दोर कमरंला बांधला. सुरगाठच मारली व्हती, वढली की सुटती. वारं आलं, पतंगानं मला थेट बंधाऱ्याकडं नेलं. वढ वढ वढली, पण भिजल्याला नायलॉन, गाठ हलंना. वारं पडलं म्हणून वाचलो. का न्हाई सुटली?

संत्या म्हणतो, "उद्या माझा नंबर."

"आरं, गाठ सुटत न्हाई!"

"व्हय, आन् परवा विहिरीत मगर व्हती ना?"

थापा माझ्याच, आता कोण इस्वास ठेवणार? त्याला तर धड पवताबी येत न्हाई.

मग आबांना म्हनलो, "पाऊस येतोय, अंगणातला कांदा झाका." आबांनी पतंग सोडून तीच ताडपत्री कांद्यावर घातली, गच्च निरगाठी मारल्या. थाप लगीच पटली.

पण संत्याच्या घरीबी ताडपत्री हाय. आन् त्यांचाबी कांदा उघडाच हाय. जातो, त्याच्या तात्यांनाबी पाऊस सांगून येतो.