फौज गेल्यावरचं पाणी

रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. वहिनीचा गुडघा काय म्हणतोय? आई ठीक आहे. ऐकू कमी येतं, बोलणं मात्र तसूभरही कमी झालेलं नाही.

परदेशी फौज गेली, हे तू तेव्हाच बातम्यांत पाहिलं असशील. "ते गेले की पुन्हा मुडदे पडतील, त्याआधी निघून ये," असं तू लिहिलं होतंस. खोटं कशाला सांगू, माझीही पाचावर धारण बसली होती.

पंपघराची किल्ली इतकी वर्षं त्यांच्या सार्जंटकडे असायची, मी फक्त पंप चालवायची. जाताना त्याने ती माझ्या हातात ठेवली. दुसऱ्याच दिवशी आपली माणसं दारात! "नदीपलीकडे पाणी चढवायचं नाही!" पुढे सुतारकाका. त्यांचा मुलगा दोन काठांच्या त्या दंगलीत गेलेला, त्यांना मी काय बोलणार? पंप बंद केला. पण टाकी पलीकडच्या टेकडीवर, आपलंही पाणी तिथूनच उतरतं. दोन्ही काठांचे नळ कोरडे पडले.

मग एका सकाळी पलीकडचा फिटर एकटाच पूल ओलांडून आला.

"कशाला आलास?" काका ओरडले.

"पाणी प्यायला. तुमच्याकडे असलं तर."

"आमच्याकडे तरी कुठंय?" म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

त्यानंतर जी हमरीतुमरी झाली, विचारू नकोस. काकांचा मुलगा, फिटरचा भाऊ, तुझं जळलेलं दुकान, सगळं निघालं. पूर्वी आवाज चढला की सैनिक मध्ये पडायचे. या वेळी मध्ये पडायला कुणीच नव्हतं, त्यामुळे शेवटपर्यंत बोलावं लागलं. फौजेने मरणं थांबवली, ते उपकार मी विसरणार नाही. पण आमच्या वतीने समेट त्यांना कसा करता येणार होता?

काका खाली बसले. मग म्हणाले, "चालू कर गं पोरी."

तेव्हापासून चार महिने झाले, पाणी रोज येतंय. उद्याचं कुणी सांगावं?

दादा, या फिटरबद्दल थोडं राहिलं. तो रोज पंपघरात येतो. दुरुस्तीला काही नसलं तरी येतो. आई म्हणाली, "आधी दादाला कळव." तर कळवते. पुढच्या महिन्यात आम्ही लग्न करतोय. तुझं दुकान कुणी जाळलं हे मी विसरलेली नाही. त्याचा भाऊ कुणी मारला हे तोही विसरलेला नाही. त्यावर आमचं बोलून झालंय, रडूनही झालंय. मी सुखात आहे.

तू रागावशील. मोठा आहेस, हक्कच आहे तुझा. पण पत्रातून नको, इथे येऊन त्याच्यासमोर बसून रागाव.

तुझ्या भांडणाची वाट पाहणारी,
धाकटी