परत पडणारा वायू

१८ नोव्हेंबर, मंगळवार. मुर्री.

दुपारी गाइड सरांचा फोन आला आणि मी प्रबंधातलं ते एक वाक्य खोडलं. "यातला बराचसा थंड वायू दीर्घिकेतच परत पडतो." तीन वर्षं त्या वायूचा वेग मोजला मी. सुटून जायला जेवढा लागतो त्याच्या निम्माही नाही. पण सरांना हवंय की वायू कायमचा निघून गेला, म्हणून तिथे तारे जन्मायचे थांबले. वाचायला सोपं जातं म्हणे. "शेवटी सही माझीच लागते ना," हसत म्हणाले. मी लगेच "हो सर" म्हटलं, आणि खोडलेल्या जागी वायू निघून गेला असं लिहिलं. इतकं लगेच काऊन म्हटलं?

संध्याकाळी आई अंगणात सुपानं धान उफणत होती. मधेच वारा वाढला. भुशासोबत धानही उडालं, पण कुंपणाच्या अलीकडेच पडलं. आई खराटा घेऊन ते गोळा करू लागली. माझं खोडलेलं वाक्यच झाडून आणत होती ती.

हा वायू म्हणजे ताऱ्यांचं बियाणं, असं तिला मी मागे सांगितलं होतं. फोनही स्पीकरवर होता, तिनं ऐकलाच असणार.

"तुझा वायू गेला का मंग?"

"गेला."

"तुनं पाहिलं जाताना?"

"नाही. तेवढा वेगच नाही त्याला."

"मंग गेला म्हून काऊन लिवलं?"

सहीसाठी. आईला सही येत नाही, अंगठा देते. पण कागदावर काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय तिनं तो कधी दिलेला नाही.