दुसरी बॅटरी आणायला गेलेली मुलगी

प्रिय ढब्बू,

ऑफिसात तू साहेब असशील, माझ्या पत्रात ढब्बूच राहशील. फोन न करता लिहायला बसले, कारण फोनवर मला रडू आलं असतं आणि तू ‘ताई, आवाज तुटतोय’ म्हणून ठेवून दिला असतास.

बाबांच्या कपाटातल्या घरच्या शूटिंगच्या सीड्या मी कॉम्प्युटरवर उतरवल्या. चांगल्या एकोणीस भरल्या. माझ्या कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच नाही, म्हणून शेजारच्या फोटोवाल्याकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. तो इतका घरघरायचा, की मांजर खोलीत फिरकेना. दोन सीड्या चरे पडून कामातून गेल्या होत्या. बाकीच्यांत तू, तू आणि तूच: टबात, टेबलाखाली, माझ्या फ्रॉकला नाक पुसताना. कॅमेरा दिसला की आई केस सारखे करते आणि ‘बंद करा हो ते’ म्हणते. इतक्या वर्षांनी तिचा आवाज ऐकला आणि मी चष्मा काढून नुसती बसून राहिले.

अकरावी सीडी लावली, तर गच्ची. तू पाच वर्षांचा, मी अकराची, तुझा हात माझ्या हातात. त्याच दिवशी तू टाकीच्या शिडीवरून पडलास आणि डावा कोपर कायमचा वाकडा राहिला. तुझं लक्षात राहायचं वय नव्हतं, पण मी तुझा हात सोडला हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ‘तुझ्या भरवशावर ठेवलं होतं ना त्याला?’ आई एकदाच म्हणाली. मला ते जन्मभर पुरलं.

सीडीत मात्र बाबा म्हणतात, ‘ताई, खाली जाऊन दुसरी बॅटरी आण. मी बघतो त्याच्याकडे.’ मी तुला ‘बाबांजवळ थांब’ सांगते आणि पळते. मग बाबा कितीतरी वेळ समोरच्या छतावरची कबुतरं टिपत राहतात. मग धप्प आवाज, आणि नुसती फरशी दिसते. मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. बॅटरीचं मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं रे. त्या आरडाओरड्यात ते पुसलंच गेलं असावं.

कॉम्प्युटर काखोटीला मारून बाबांकडे गेले. त्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणाले, ‘मला ठाऊक होतं. तुझ्या आईसमोर जीभ रेटली नाही. उद्या सांगू म्हटलं, मग रोजच उद्या.’ सीडी फेकून का दिली नाही, विचारलं, तर म्हणाले, ‘तेवढा वाईट नाही गं मी.’ भांडायच्या तयारीने गेले होते. शेवटी चहा केला आणि दोघं बसून प्यायलो. घरी येऊन भरदुपारी चार तास झोपले. छातीवरचा धोंडा कुणी उचलून नेला, की अशी झोप लागत असेल. तूही त्यांना बोल लावू नकोस. तेही आता जरा ताठ बसतात.

तर आता खरं कारण. तुझी लेक सहा महिन्यांची झाली आणि मी तिला एकदाही उचलून घेतलं नाही. दर वेळी कंबर दुखते म्हणाले. तुझ्या बायकोने मनात काय घेतलं असेल कोण जाणे. कंबर ठणठणीत आहे माझी. मला माझ्या हातांचीच भीती वाटायची. शनिवारी सकाळी येते. दार उघडलंस की पिशव्या राहू देत, आधी पोर दे माझ्याकडे.

तुझीच,
ताई